आधी प्रश्न वाच

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. "काका, देशात बेरोजगारी 3.2 टक्के म्हणे. आमच्या अभ्यासिकेत शंभर टक्के होती. तुमचं खातं खोटं बोलतं." आणि खाली ती क्लिप, ज्यात एक गृहस्थ टेबलावर हात आपटत हेच ओरडतायत. चार वर्षं सदाशिव पेठेत मेसचं खाऊन, दोनदा पूर्वपरीक्षा पास होऊन घरी परतलेल्या पोरानं रागवायचं नाही तर कुणी? त्या रागाची समजूत मी घालणार नाही. पण 'खोटं' हा शब्द झोंबला. आयुष्य गेलंय माझं सरकारच्या सांख्यिकी खात्यात, लोकांच्या ओट्यावर बसून रोजगाराच्या सर्व्हेचे फॉर्म भरण्यात. हा आकडा त्याच सर्व्हेतून निघतो.

सर्व्हेवाला घरी आला तेव्हाची हकीकत तूच फोनवर सांगितलीस. तू आतल्या खोलीत. अण्णा म्हणाले, "धाकटा अजून शिकतोय. बसतो अधूनमधून दादाच्या दुकानात." तू ऐकलंस आणि बाहेर आला नाहीस.

आता त्या वाक्याचं पुढं काय होतं ते बघ. फॉर्ममध्ये प्रत्येक माणसाला एक कोड असतो. शिक्षण चालू असेल तर 91. काम नाही, पण शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तो 81, म्हणजे बेरोजगार. घरच्या धंद्यात पगाराविना मदत करणारा 21, म्हणजे कामावर असलेला. तुला ज्याचा राग आला तो 2023-24 चा 3.2 हा आकडा वर्षभराच्या हिशोबाचा आहे. त्यात माणसाचं मुख्य काम बघतात आणि जोडकामही बघतात. वर्षात 30 दिवस जोडकाम केलं असलं तरी तो रोजगारात. दादाच्या कृषी सेवा केंद्रात खताच्या पावत्या फाडत तू वर्षात 30 दिवस बसला नाहीस, असं मला शपथेवर सांगू शकशील? म्हणजे तू त्या 3.2 मध्ये नाहीसच. तू आहेस काम असलेल्यांत.

चिडू नकोस, प्रश्न वाच. आठवड्याच्या हिशोबाचा नियम याहून सैल आहे: सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं, तरी तो आठवडा रोजगाराचा. हा नियम दिल्लीत कुणी रातोरात बनवलेला नाही, आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्याख्येतून आलाय. फरक एवढाच, की अमेरिकेत घरच्या धंद्यात फुकट राबणाऱ्याला रोजगारात धरायला आठवड्याचे 15 तास भरावे लागतात. आपल्याकडे एक पुरतो. यावर भांड ना! ही भांडायची जागा आहे. 'आकडा खोटा' ही नव्हे.

आणि एक सांग. 2019 च्या जानेवारीत याच सर्व्हेचा, 2017-18 ची बेरोजगारी 6.1 टक्के दाखवणारा अहवाल दाबून ठेवला, म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे कार्यवाहक अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि आणखी एक सदस्य राजीनामा देऊन बाहेर पडले. अहवाल निघाला 31 मे ला, निवडणुका उरकल्यावर. तेव्हा हाच 6.1 प्रत्येक भाषणात होता, प्रत्येक मोर्चाच्या फलकावर होता. तो ज्या पद्धतीनं मोजला त्याच पद्धतीनं 2023-24 चा 3.2 मोजला. आपल्या सोयीचा असला की खरा आणि नसला की खोटा, असं कसं चालेल? अहवाल दडपला, हे झालंच. पण तो दडपावा लागला, कारण फॉर्म भरणाऱ्या पोरांनी तो इमानानं भरला होता. हे कुणी बोलत नाही. मी बोलतो, माझा त्यात जीव अडकलाय म्हण हवं तर.

त्याहून मोठी गंमत 2019-20 ची. सर्व्हेचं वर्ष तेव्हा जुलै ते जून असायचं, त्यामुळं त्या वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांत लॉकडाऊन होता. लोक मुंबई-पुण्याहून पायी गावी निघाले होते. आणि बेरोजगारीचा वार्षिक दर? 5.8 वरून 4.8 वर आला. कमी झाला! त्याच काळात, एप्रिल 2020 मध्ये, मुंबईची सीएमआयई ही खासगी संस्था आपल्या सर्व्हेतून 23 टक्क्यांच्या वरचा आकडा सांगत होती. ती विचारते, आज काम आहे का. सरकारी सर्व्हे विचारतो, वर्षभर काय केलंत. दोघांनी आपापल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. त्याच वर्षी कामकऱ्यांतला शेतीचा वाटा 42.5 वरून 45.6 टक्क्यांवर गेला. गावी परतलेला माणूस बापाच्या रानात खुरपायला बसला की बेरोजगार राहत नाही. गरिबाला बेरोजगार राहणं परवडतच नाही रे. 2022 मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत 3.4. पदवीधराचा बाप दोन वर्षं जेवायला घालू शकतो, दुसऱ्याचा नाही. एवढाच अर्थ.

म्हणून 1970 मध्येच बेरोजगारी कशी मोजावी हे बघायला नेमलेल्या प्रा. दांतवाला समितीनं बजावलं होतं की आपल्यासारख्या देशात बेरोजगारीचा एकच एक आकडा काढण्यात अर्थ नाही. प्रदेश, बाई-पुरुष, वय, शिक्षण, सगळं वेगवेगळं दाखवा. तसं ते छापलंही जातं. पण बातमीत एकच आकडा येतो आणि क्लिपवाले त्याच्यावरच हात आपटतात.

आमच्या मराठवाड्यातल्या एका घरातलं सांगतो. नवरा ओट्यावर, बायको गोठ्यात म्हशीला वैरण टाकतेय. मी विचारलं, "बाई काय करतात?" तो म्हणाला, "काही नाही, घरीच असते." त्याच्या शब्दावर तिथंच घरकामाचा कोड टाकून उठता आलं असतं. मी म्हटलं, त्यांनाच विचारतो. "दूध घरी खाता की डेअरीला घालता?" ती म्हणाली, "सकाळचं समदं डेअरीला." झालं. एका प्रश्नात 'काही नाही'ची कामकरी झाली. माझे फॉर्म असेच कायम उशिरा जायचे. वरिष्ठ म्हणायचे, तुम्हाला कीर्तन करायला पाठवलंय का. बढतीही उशिराच मिळाली, तेव्हाचे माझे सोबती आज मोठ्या पेन्शनवर आहेत. तरी ज्याचं त्यालाच विचारायचं, हा हट्ट मी सोडला नाही. खंत वेगळीच आहे. डेअरीचं बिल कुणाच्या नावावर निघतं, ही ओळ फॉर्ममध्ये कधीच नव्हती. मला ती विचारायची होती.

आता तुझी भाषा बदल. घोषणाच द्यायची तर अशी दे: 2017-18 मध्ये शंभर कामकऱ्यांतले 52 स्वतःच्या किंवा घरच्या धंद्यात होते, 2023-24 मध्ये 58 झाले. नियमित पगारदार 22.8 होते, ते 21.7 झाले. म्हणजे हाताला काम लागलं, पण पगार लागला नाही. हे सरकारच्याच अहवालात छापलंय, याला कुणी खोटं म्हणू शकत नाही. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या, अर्ज 10 लाखांच्या वर, आणि खुल्या गटाची फी 1000 रुपये. ते 10 लाख सगळे काही 81 कोडवाले नव्हते. कितीतरी जण कुठंतरी काम करत होते, आणि तरी रांगेत होते. ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यात शास्त्री रोडवर आंदोलनाला रात्रभर बसलेल्या स्पर्धा परीक्षांच्या पोरांतही असे होतेच, तूही होतास. त्यांचा राग 'काम नाही' याचा नव्हता, 'हे काय काम आहे' याचा होता. हा दुसरा प्रश्न सर्व्हेत पूर्ण विचारला जात नाही, म्हणून तो रस्त्यावर विचारला जातो. रस्त्यावर विचारायला माझी ना नाही. पण नेमका विचार. मोघम शिव्यांनी समोरच्याची सुटका होते, इतकं तरी तुला एव्हाना कळायला हवं होतं.

तो सर्व्हेवाला पुन्हा येईल. 2025 पासून एकाच घरी ओळीनं चार महिने जातात. या वेळी अण्णांना बोलू देऊ नकोस, स्वतः समोर बस. त्याच्याशी नीट बोल, त्यांच्यातले बरेचजण स्वतःच कंत्राटावर असतात. जे आहे ते सांग: दुकानात इतके दिवस, इतके तास, पगार शून्य, नोकरी शोधतोय. फुगवू नकोस आणि लपवूही नकोस.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, पुढच्या जाहिरातीचा फॉर्म भरू का. भर. वय आहे तोवर भर. पण त्याआधी दादाकडे जा आणि महिन्याचे किती देणार ते ठरवून घे. रक्कम लहान चालेल, पण दुकानाच्या वहीत तुझ्या नावापुढं लिहिलेली हवी. भाऊ असला म्हणून काय झालं? दादा कुरकुर करेल. केली तर माझा नंबर दे.

तुझा,
काका