गाणे बांधण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

गावोगावची गाणी गोळा करून ती वृंदगानासाठी बांधण्याचा विचार तू कळवलास. त्याआधी आर्मेनियन संगीतकार आणि वृंदगान-संचालक कोमितास यांचे काम अभ्यासावेस, असा माझा आग्रह आहे.

ऑटोमन साम्राज्यातील कुताह्या येथे १८६९ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच पोरका झाला. १८८१ मध्ये तो आर्मेनियन चर्चचे मुख्य पीठ असलेल्या एचमियाझिनच्या धर्मविद्यालयात आला, तेव्हा त्याला तुर्की येत होती, आर्मेनियन नव्हती. प्रवेश मिळाला तो आवाजामुळे. पुढे ते धर्मगुरू झाले आणि १८९६ ते १८९९ या काळात त्यांनी बर्लिनमध्ये संगीताचे रीतसर शिक्षण घेतले.

परतल्यावर त्यांनी जे केले, ते मला फार मोलाचे वाटते. बर्लिनमध्ये शिकलेली स्वररचना शेतकऱ्यांच्या गाण्यांवर तशीच चढवणे त्यांना सहज जमले असते. पण आर्मेनियन चाली चार-चार स्वरांच्या एकमेकांत गुंतलेल्या साखळ्यांवर उभ्या असतात हे ओळखून, मूळ चालीला सोसेल आणि तिच्यातूनच उगवेल अशीच साथ त्यांनी इतर आवाजांना दिली. आर्मेनियातील लोरी प्रांतातल्या एका नांगरणीच्या गाण्यावर त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला आणि त्यात चालीइतकेच लक्ष बैलांना घातलेल्या हाकांकडे व कामाच्या लयीकडे दिले. कामापासून तोडलेले गाणे अर्धेच हाती लागते, हे मला त्या लेखनातून उमजले. म्हणून कुणालाही खुर्चीवर बसवून जात्यावरची ओवी म्हणायला लावू नकोस. दळण चालू असेल तेथे जा, आणि तसे दळण आता होत नसेल तर तेही वहीत लिही.

१९१० मध्ये त्यांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये सुमारे तीनशे गायकांचे ‘गुसान’ वृंद उभे केले. चर्चचे संगीत रंगमंचावर आणल्याबद्दल धर्माधिकाऱ्यांचा रोष त्यांनी सोसला. २४ एप्रिल १९१५ रोजी, आर्मेनियन वंशसंहाराच्या प्रारंभी, ऑटोमन सरकारने आर्मेनियन विचारवंतांची धरपकड केली, तीत त्यांनाही पकडून अनातोलियातील चांकिरीला हद्दपार करण्यात आले. थोड्याच दिवसांत सुटका झाली, परंतु मन सावरले नाही. १९३५ साली पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या हजारो नोंदींपैकी बऱ्याच हरवल्या. जे उरले, त्यातील पुष्कळ शिष्यांनी जपून छापले.

तेव्हा प्रत्येक गाण्याशेजारी गाव, काम, ऋतू आणि गाणाऱ्याने ते कोणाकडून घेतले हे लिही, वहीची दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेव, आणि पहिल्या वर्षापासूनच दोघा-तिघांना सोबत घेऊन शिकव.

तुझा हितचिंतक