मठातले संन्यासी रोजची प्रार्थना गाऊनच का म्हणतात?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती मठांतले संन्यासी आणि संन्यासिनी रोजची प्रार्थना नुसती वाचत का नाहीत, गातात कशासाठी, आणि ज्यांना गळाच नाही त्यांनी काय करायचं. मी ग्वाल्हेरला ख्याल शिकवते. या गायनाकडे मी सुरांमुळेच वळले, म्हणून उत्तरही तिथूनच देते.

आधी हे लक्षात घ्या की ही मैफल नाही. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने घालून दिलेला नियम असा: दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, आणि आठवड्याभरात बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पुरी. एवढा मजकूर रोज गायचा तर चाल साधीच हवी. आपल्याकडे दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणतात ना, तशी: चाल ठरलेली, शब्द पुढे जात राहतात.

अशा मुख्य चाली आठ. त्यातली आठवी घ्या. स्तोत्र ज्या स्वरावर चालतं तो सा धरा. सुरुवात मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमापासून: प ध सा. मग ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे जवळजवळ सगळं त्या एकाच सा वर, शेवटी फक्त रे ला स्पर्श करून परत सा. इथे थांबायचं, सगळ्यांनी मिळून. मग ‘मला काही उणे पडणार नाही’ पुन्हा सा वर, आणि अखेरीस नि सा ध प असं उतरायचं. पुढच्या ओळीला सुरुवातीची चढण नाही, थेट सा. दोन रांगा समोरासमोर असतात. एक ओळ या बाजूची, पुढची त्या बाजूची. तान नाही, दाद नाही. कीर्तनात बुवांपुढे श्रोते असतात, इथे पुढ्यात असतो तो दुसरा गाणाराच.

माझ्या मते सगळं मर्म त्या मधल्या थांब्यात आहे. वाचताना जो तो आपापल्या वेगाने पुढे जातो. गाताना शेजाऱ्याचा श्वास ऐकावाच लागतो, नाहीतर ओळ फाटते.

‘नुसतं वाचलं तर?’ हा प्रश्न एका मठावर खरोखरच लादला गेला होता. जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या मठाधिपतीण स्वतः मोठ्या रचनाकार. 1178 मध्ये त्यांच्या मठाच्या आवारात एका सरदाराचं दफन झालं. तो बहिष्कृत होता, त्याला उकरून काढा, असा माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांचा हुकूम आला. त्याला धर्मात परत घेतलं होतं, असं सांगून यांनी नकार दिला. शिक्षा काय, तर गायन बंद! प्रार्थना दारं लावून हलक्या आवाजात वाचायची. ऐंशीच्या घरातल्या त्या बाईंनी धर्माधिकाऱ्यांना पत्र लिहिलं की आत्मा मुळातच सुरेल आहे, आणि देवाची स्तुती विनाकारण बंद पाडणाऱ्यांना त्याचा जाब द्यावा लागेल. 1179 मध्ये बंदी उठली. त्याच वर्षी त्या वारल्या. संगीताची बाजू इतक्या निर्भयपणे मांडलेली मी दुसरीकडे क्वचितच वाचली आहे.

आता नियम सैल झालेत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962-65) लॅटिनऐवजी आपापल्या भाषेत प्रार्थना करता येते आणि कित्येक मठांत दीडशे स्तोत्रं दोन किंवा जास्त आठवड्यांत वाटून घेतात. आपल्याला शाळा-दवाखान्यांत दिसणाऱ्या सिस्टर बहुतेक सेवाकार्य करणाऱ्या संघांच्या असतात. त्यांच्या दिवसात सकाळ-संध्याकाळची प्रार्थना मुख्य, आणि ती पुष्कळदा न गाता म्हटली जाते.

राहिला गळ्याचा प्रश्न. बेनेडिक्टच्या नियमात एकट्याने गाण्या-वाचण्याचं काम ऐकणाऱ्यांचं भलं होईल अशा माणसालाच द्यावं, असं स्पष्ट आहे. स्तोत्रं मात्र सगळ्यांची. ज्याला सूर पटकन लागत नाही त्याने हळू गावं, शेजाऱ्याचा सा कानात धरावा आणि थांब्याला थांबावं. माझ्या नवख्या विद्यार्थ्यांनाही मी पहिले काही महिने एवढंच करायला सांगते.