सातवीतही मॉन्टेसरीच ठेवावं का?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत मिलवॉकीला राहतो. मुलगा सरकारी मॉन्टेसरी शाळेत सहावीत आहे. वर्गात गुण नाहीत, गृहपाठ नावाला. सातवीला त्याला नेहमीच्या मिडल स्कूलमध्ये घालावं का? सांगलीहून सासूबाई विचारतात, "एवढा घोडा झाला, अजून बालवाडीतच?" – एक आई

उत्तर : ताई, सासूबाईंना तसं वाटणं साहजिक आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली ती बालशाळांतच. पण मारिया मॉन्टेसरींनी बारा ते अठरा वयासाठीही विचार मांडला होता : मुलांनी शेतावर राहावं, पिकवावं, विकावं, हिशेब ठेवावा. शहरातली सरकारी शाळा शेत कुठून आणणार? मग भाजीचे वाफे, खाऊचं दुकान यांवर भागवतात. कुठे ते मुलंच चालवतात, कुठे पालकांच्या भेटीपुरतं मांडतात.

तुमच्याच शहरातला एक अभ्यास २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला होता. सरकारी मॉन्टेसरी शाळेच्या सोडतीत नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं त्यात ताडून पाहिली होती. पाच वर्षांची मॉन्टेसरी मुलं वाचन-गणितात पुढे होती. बारा वर्षांच्या मुलांत मात्र गुणांचा तसा फरक दिसला नाही. पण मॉन्टेसरीतल्या मुलांनी लिहिलेल्या गोष्टी अधिक कल्पक होत्या, वाक्यरचना अधिक कसदार होती आणि शाळा त्यांना जास्त आपली वाटत होती. म्हणजे तुमचा मुलगा आज मागे पडलाय असं मानायला आधार नाही. पण ती मुलं साधारण त्याच्याच वयाची. सातवी-आठवीबद्दल हा अभ्यास काही सांगत नाही.

म्हणून शाळेत जाऊन बघा. सकाळी सलग दोन-तीन तास काम चालतं, की दर पाऊण तासाला घंटा होते? घंटा होत असेल तर मॉन्टेसरी फक्त पाटीवर उरलीय. आठवीत बीजगणित कोण शिकवतं, आणि पुरतं होतं का, हे स्पष्ट विचारा. हायस्कूलच्या गणिताची पायरी तिथेच ठरते. गुणांची काळजी असेल, तर तुमच्या विस्कॉन्सिन राज्याची 'फॉरवर्ड' ही वार्षिक परीक्षा सरकारी मॉन्टेसरीतल्या मुलांनाही असतेच. तिसरीपासूनचे निकाल काढून एका ओळीत ठेवा.

त्याहून महत्त्वाची त्याची कामाची वही. सोमवारी तो स्वतः आठवड्याचं काम ठरवून लिहीत असेल. महिनाभर वही चाळा, काही बोलू नका. अपूर्णांक दर वेळी शुक्रवारवर ढकलले जातात आणि शुक्रवारीही राहतात, असं दिसलं तर आधी शिक्षकांना गाठा. त्यांना ते आधीच माहीत असेल, तर काळजीचं कारण नाही. माहीतच नसेल, तर मी शाळा बदलायचा विचार करेन.

वही बरी असेल तर आठवीपर्यंत तिथेच ठेवा. ऐन तेरा-चौदाव्या वर्षी ओळखीचे मित्र आणि शिक्षक असणं ही काही लहान गोष्ट नाही. नववीच्या प्रवेशाची चौकशी मात्र सातवीतच सुरू करा. आणि मुलाला विचारलंत का? पत्रात त्याचं मत कुठेच दिसलं नाही.