रिंग लाइटच्या भोकात कॅमेरा ठेवायलाच हवा असं नाही

तुम्ही लिहिलंय की शाहूपुरीतल्या घरी १८ इंची रिंग लाइट (मधोमध भोक असलेला गोल दिवा) आणून बहिणीचे नथ आणि कोल्हापुरी साज घातलेले फोटो काढले, तर चेहरा सपाट आला, नाक मोठं दिसलं, चष्म्यात पांढरी कडी दिसली आणि मागच्या भिंतीवर सावलीची कड उमटली. लाइट बदलू नका. त्याची जागा बदला.

रिंगच्या मधोमध कॅमेरा असला की लेन्स बघते त्याच दिशेनं उजेड जातो. नाका-हनुवटीची सावली पडली तरी ती मागं लपते, कॅमेऱ्याला दिसत नाही. १९५२ मध्ये लेस्टर डाइन यांनी रिंग फ्लॅश बनवला तो दातांच्या फोटोंसाठी, कारण तोंडाच्या आत सावली नकोच असते. पोर्ट्रेटचं तसं नाही. गालाचं हाड, नाकाचा उतार, जबड्याची रेघ हे सगळं सावलीमुळंच कळतं. तालमीतल्या पैलवानाच्या अंगावर समोरून रिंग टाकून बघा, मेहनतीनं कमावलेलं शरीर पार सपाट होतं. तोच लाइट बाजूला न्या, खांद्याचा प्रत्येक पीळ आणि अंगाला लागलेली तांबडी मातीसुद्धा दिसायला लागते. साजाचंही तेच. समोरच्या उजेडात मण्या-मण्यात गोल कडी दिसते आणि पानांवरचं नक्षीकाम हरवतं.

म्हणून कॅमेरा वेगळ्या स्टँडवर घ्या. रिंग बहिणीच्या डोळ्यांपेक्षा फूट-दीड फूट वर, एका बाजूला साधारण ४५ अंशांत, चेहऱ्यापासून अडीच-तीन फुटांवर. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या थर्माकोलची शीट उभी करा. ती जवळ आणली की सावली फिकी होते, लांब नेली की गडद. या एका शीटवर खेळायला वेळ द्या, निम्मा फोटो तिथंच घडतो. भिंतीपासून बहिणीला निदान चार-पाच फूट पुढं बसवा, भिंतीवरची सावलीची कड जाईल. अंतर दुप्पट झालं की उजेड ढोबळमानानं चौथाई उरतो, त्यामुळं भिंतही आपोआप गडद होईल.

चष्म्यासाठी लाइट आणखी थोडा वर घ्या आणि काड्या कानावर किंचित उचला, म्हणजे काचा खाली झुकतात.

नाक मोठं दिसतंय हा दोष मात्र लाइटचा नाही. रिंगमध्ये फोन अडकवला की आपण दीड-दोन फुटांवरून फोटो काढतो, आणि एवढ्या जवळून नाक पुढं येणारच. पाच-सहा फूट मागं या आणि फोनची २एक्स (दुप्पट झूमची) लेन्स वापरा. कॅमेरा असेल तर फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ मिमीची लेन्स उत्तम.

खोलीतली ट्यूब आणि पिवळा बल्ब बंद करा, नाहीतर एक गाल निळा आणि एक पिवळा येतो. व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग खरे दिसावेत म्हणून असलेलं सेटिंग) ऑटोवर न ठेवता लाइटवर जे केल्व्हिन (उजेडाच्या रंगाचा आकडा) लावलंय तेवढंच कॅमेऱ्यात लावा. फोटोत आडवे पट्टे आले तर डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) फार खाली आहे का बघा. स्वस्त एलईडी मंद केला की लुकलुकतो. अशा वेळी डिमर वर न्या, शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा आणि उजेड कमी करायचा असेल तर स्टँड मागं सरकवा.

नुसत्या नथीचा किंवा डोळ्यांच्या मेकअपचा क्लोजअप असेल तेव्हा मात्र कॅमेरा खुशाल रिंगच्या मधोमध ठेवा.