थायरॅट्रॉन काढून सरळ आयजीबीटी लावावेत का?

३० केव्हीच्या पल्स मॉड्युलेटरमधला (म्हणजे हाय व्होल्टेजचे छोटे पल्स देणाऱ्या सप्लायमधला) थायरॅट्रॉन, म्हणजे हायड्रोजन भरलेली स्विचिंग ट्यूब, सारखा मिसफायर होतो, म्हणून तो काढून आयजीबीटी, म्हणजे सेमीकंडक्टर स्विच, लावू का, असं विचारलंयत. आधी सांगा, रिझर्व्हायरचा (तापला की ट्यूबमध्ये हायड्रोजन सोडणारा भाग) व्होल्टेज शेवटचा कधी मोजलात? ट्यूबच्या पिनांवर, पॅनलच्या मीटरवर नाही.

आमच्या इंदुरात कॅटमधले (लेसर-संशोधनाची सरकारी संस्था, आताचं आरआरकॅट) तांब्याच्या बाष्पाचे लेसर थायरॅट्रॉनवरच सेकंदाला हजारो पल्सनी चालत आलेत. तरी पीथमपूरकडच्या एका सेटवर भर मे महिन्यात निकाल लागला, 'जुनाट बल्ब आहे, गेला.' दुपारी पल्स चुकायचे, जिटर (पल्सच्या वेळेतला डळमळीतपणा) वाढायचा, ॲनोड लालबुंद. रात्री सगळं ठीक! बल्ब काय घड्याळ बघून जातो? रिझर्व्हायर साध्या ट्रान्सफॉर्मरवर होता. लाइन २३० ची २०५ झाली की रिझर्व्हायरच्या ६.३ चे ५.६ व्होल्ट होतात. रिझर्व्हायर थंड पडला की हायड्रोजनचा दाब उतरतो, प्लाझ्मा रेंगाळत बनतो, आणि तेवढा वेळ व्होल्टेज आणि करंट दोन्ही ॲनोड सोसतो. दोष सप्लायचा, नाव ट्यूबचं.

रिझर्व्हायरला रेग्युलेटेड सप्लाय द्या. डेटाशीटमध्ये दिलेला वेळ हीटर तापू द्या. मग पूर्ण एचटीवर (मुख्य हाय व्होल्टेजवर) रिझर्व्हायर ०.१ व्होल्टनं चढवा. ट्यूब ट्रिगरशिवाय फायर व्हायला लागली की ०.२ नं उतरवा, तिथेच ठेवा. डेटाशीटची मर्यादा मात्र ओलांडू नका. दाब वाढला की होल्ड-ऑफ (बंद असताना ट्यूब पेलते तो व्होल्टेज) घटतोच, कारण ही ट्यूब पाश्चेन वक्राच्या (दाबानुसार वायू किती व्होल्टेजला फुटतो, त्या आलेखाच्या) डाव्या बाजूला चालते.

आयजीबीटीचं म्हणाल तर ६.५ केव्हीचे नग डीसीवर साधारण ३.६ केव्हीला चालवायचे, म्हणजे आठ-नऊ सिरीजमध्ये. प्रत्येकाला वेगळा इन्सुलेटेड गेट ड्राइव्ह. एक जरी उशिरा ऑन झाला तरी उरलेल्यांचा व्होल्टेज त्याच्या अंगावर, आणि मग रांगच उडते.

थायरॅट्रॉन ग्रिडनं बंद होत नाही, हेही खरं. पल्सनंतर काही डझन मायक्रोसेकंद ॲनोडवर व्होल्टेज चढू द्यायचा नाही, नाहीतर ट्यूब लॅच होऊन (चालूच राहून) एचटी ट्रिप. लोड मिसमॅच असेल तर इन्व्हर्स डायोड हवाच, उलट्या आर्कनं ॲनोड खराब होतो.

१० केव्हीच्या आत, करंट शे-दोनशे अँपिअर आणि पल्स लांब असेल, तर खुशाल आयजीबीटी लावा, मीही तेच लावीन. आणि हो, ३० केव्हीला ट्यूबमधून एक्स-रे निघतात. शिल्डिंग काढून आत डोकावत ट्यूनिंग करू नका. हात घालण्याआधी पीएफएनवर (पल्स घडवणाऱ्या कपॅसिटर-कॉइलच्या जाळ्यावर) अर्थिंग रॉड लावून तसाच ठेवा.