काउबॉय नेमबाजी: आधी काडतूस, मग बंदूक

काउबॉय ॲक्शन शूटिंगबद्दल अमेरिकेतल्या वाचकांची बरीच पत्रं साठली आहेत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकातल्या धाटणीची दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (दर बाराआधी मागचा घोडा अंगठ्याने ओढावा लागतो अशी), एक लिव्हर रायफल (मुठीजवळची दांडी खाली-वर केली की पुढचं काडतूस भरलं जातं अशी) आणि एक शॉटगन असा चार बंदुकांचा संच लागतो. समोर लोखंडी पाट्या, मागे टायमर. जो कमी वेळात सगळ्या पाट्या वाजवतो तो पुढे, आणि प्रत्येक हुकलेल्या बारामागे पाच सेकंदांचा दंड. 1987 साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी याचे नियम ठरवते.

मी ह्यूस्टनला एच-वन-बी व्हिसावर आहे. चारही बंदुका एकदम घेतल्या तर स्वस्त पडतील का?

थांबा. तुमचा प्रश्न किमतीचा नाही, कायद्याचा आहे. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला अमेरिकेचा संघराज्य कायदा साधारणपणे मनाई करतो. राज्याचा वैध शिकारी परवाना जवळ असणं हा त्यातला एक अपवाद. मित्राची बंदूक घटकाभर हातात घेतली तरी कायदा तिला ‘बाळगणं’ म्हणू शकतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं उभं राहायचं आणि एका रविवारच्या हौसेपायी सगळं पणाला लावायचं, हे मला पटत नाही. आधी वकिलाला गाठा. तोवर सामने बघायला जा, बघण्याला कोणी अडवत नाही.

माझं ग्रीन कार्ड झालंय, फिनिक्सजवळ राहतो. खरा काउबॉय .45 कोल्ट हे जाड गोळीचं काडतूसच वापरायचा ना? मग तेच घ्यावं म्हणतो.

मीही असंच म्हणालो होतो. साडेसात इंची नळीचं .45 कोल्टचं रिव्हॉल्व्हर घेतलं, चार महिने काडतुसांची बिलं भरली आणि विकून टाकलं. दिसायला देखणं होतं, पण कमरेच्या म्यानातून ती लांब नळी बाहेर काढेपर्यंत शेजारच्याच्या दोन पाट्या वाजलेल्या असायच्या.

आता इतिहासाचं. .45 कोल्ट 1873 चं हे खरं, पण विंचेस्टर कंपनीने त्या काळी या काडतुसाची लिव्हर रायफल काढलीच नव्हती. रायफल आणि रिव्हॉल्व्हर दोन्हींत एकच काडतूस हवं असलेला माणूस .44-40 नावाचं काडतूस घ्यायचा. तेव्हा ‘खरेपणा’साठी .45 घेणार असाल तर ते कारण लंगडं आहे.

नवशिक्याने .38 स्पेशल हे बारीक गोळीचं काडतूस घ्यावं. तेही 1898 चं, म्हणजे अगदीच परकं नाही. धक्का कमी, शिसं कमी, पैसा कमी. आणि तिन्ही बंदुकांना एकच काडतूस, त्यामुळे घाईत चुकीचं काडतूस भरलं जाण्याची भीती नाही. .357 मॅग्नमच्या बंदुकीत .38 स्पेशल चालतं, म्हणून बहुतेक जण बंदूक .357 ची घेतात आणि काडतूस .38 चं. मॅग्नमच्या जोराचा इथे उपयोग नाही. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला 1000 फुटांच्या आत आणि रायफलीचा 1400 च्या आत ठेवावा लागतो. गोळी नुसत्या शिशाची हवी, तांब्याचं आवरण चालत नाही, कारण पाट्या लोखंडी आणि जवळ असतात.

अति हलकं काडतूसही चालत नाही. गोळीचं ग्रेनमधलं वजन (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) गुणिले सेकंदाचा फुटांतला वेग, भागिले 1000, हा आकडा 60 च्या खाली जाता कामा नये. 105 ग्रेनची गोळी 600 फुटांच्या वेगाने सुटली तर 63 येतात, म्हणजे काठावर पास.

काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या धाटणीच्या धुरकट बंदुकीच्या दारूच्या, गटात उतरायचं असेल तर मात्र माझा सल्ला उलटा. धुराचा लोट आणि ढगांच्या गडगडाटासारखा आवाज .44-40 आणि .45 लाच शोभतो.

मी मूळची कोल्हापूरची, कॉलेजात एअर रायफल खेळले. हात लहान आहेत. रूगर कंपनीचं रिव्हॉल्व्हर घेऊ की कोल्टची इटालियन प्रतिकृती?

राही सरनोबत आणि स्वप्नील कुसाळे या नेमबाजांच्या जिल्ह्यातल्या मुलीला नेम शिकवायला मी कोण! फक्त एक सवय सोडावी लागेल. श्वास रोखून एकेका दशांश गुणाची वाट बघत बसू नका. पाटी मोठी आणि जवळ असते, ती कुठेही वाजली तरी चालते.

रूगरचं जुनं व्हाकेरो अंगाने जाड होतं. 2005 चं न्यू व्हाकेरो कोल्टच्या मापाच्या जवळ आलं, ते तुमच्या हाती बसेल. आतल्या स्प्रिंग गुंडाळीच्या, त्यामुळे सहसा तुटत नाहीत. भरताना फक्त बाजूचं झाकण उघडायचं, घोडा अर्धा ओढायची भानगड नाही. इटालियन उबेर्टीचा घोडा मागे येतानाचा ‘कट कट’ नाद काही औरच, पण पातळ पट्टीच्या स्प्रिंगा वर्षा-दोन वर्षांनी बदलायची तयारी ठेवा. नळी साडेपाच इंची किंवा त्याहून आखूड घ्या. दुकानात अंगठ्याने घोडा वीस वेळा ओढून बघा. एकविसाव्या वेळी पकड बदलावी लागली, तर मूठ तुमच्यासाठी मोठी आहे.

रूगरमध्ये सहा काडतुसं सुरक्षित राहतात, तरी सामन्यात पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या खणावर ठेवायचा. यात कोणाला सूट नाही.

विंचेस्टरची रायफल 1873 ची घेऊ की 1892 ची? सिनेमात तर 92 च दिसते.

सिनेमात 1870 च्या दशकातल्या कथेतही 1892 ची रायफल दिसते, त्यावर जाऊ नका. जॉन ब्राउनिंगने रचलेली 92 भक्कम आहे, पण 73 ची लिव्हर लोण्यातून सुरी जावी तशी फिरते. वेगाने खेळणारे बहुतेक तिच्याकडेच वळतात. तिची फार आखूड किंवा फार लांब काडतुसांशी कुरबुर असते, तेव्हा एकच लांबी पक्की करा. खिसा तंग असेल तर जुनी मार्लिन 1894 शोधा. एक गोष्ट विसरू नका: टोकदार गोळी चालणार नाही. नळीखालच्या पोकळीत काडतुसं एकामागे एक बसतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या दारू पेटवणाऱ्या टोपीवर टेकतं आणि धक्क्याने बार उडू शकतो.

आजोबांची बारा बोअरची दुनळी साताऱ्याला आहे. ती आणून खेळता येईल?

दुनळी चालते, अट एकच: रिकामी काडतुसं आपोआप उडवणारी नको. पण भारतातला परवाना, निर्यातीची मंजुरी आणि इकडच्या आयातीचे कागद यांत तुमची दोन वर्षं जातील. आजोबांची बंदूक साताऱ्यालाच राहू द्या. इथे जुनी दुनळी घ्या आणि बंदूकदुरुस्तीवाल्याकडून दोन्ही नळ्यांचे खण आतून गुळगुळीत करून घ्या, म्हणजे झटका दिला की टरफलं पडतात. शॉटगन रिकामी ठेवलेली असते, ती घड्याळ सुरू झाल्यावर भरायची, त्यामुळे सगळा खेळ टरफलं किती पटकन पडतात यावर. 1897 चं विंचेस्टर पंप (नळीखालची मूठ मागेपुढे सरकवायची शॉटगन) जलद खरं, पण ते हातात बसायला वेळ लागतो.

पोशाख त्या काळचा लागतो म्हणे. नऊवारी चालेल?

आनंदीबाई जोशी 1883 मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या आणि पेनसिल्व्हेनियात साडी नेसूनच डॉक्टर झाल्या, तेव्हा काळाच्या हिशोबाने तुमची बाजू भक्कम आहे. तरी संयोजकांना आधी विचारा. कासोट्यामुळे पाय मोकळे राहतात. पदर मात्र कमरेला घट्ट खोचा, घोड्यात अडकला तर सेकंद जातील आणि भलतंच काही होऊ शकतं. पायात कोल्हापुरी नको, बूटच घाला. रायफलीतून उडणारी टरफलं गरम असतात.