लेक मिशनवर निघाली

प्रश्न : आमची मुलगी लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती चर्चतर्फे 18 महिने मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराच्या सेवेला, जातेय. दिवसभर करणार काय? – एक आई, वानवडी

उत्तर : काकू, मी बंगळुरूला सेवा करून नुकतीच खडकीला परतले. सकाळी साडेसहाला उठायचं, प्रार्थना, शास्त्राभ्यास, मग जोडीदार ताईबरोबर बाहेर. एकटीनं फिरायचं नाही, हा नियमच. तेव्हा ती काळजी नको. आठवड्यातून एक दिवस कपडे, बाजार आणि घरी फोन.

खरा आनंद माणसांचा! एका मराठी आजींची नजर गेली होती. त्यांना आम्ही बायबलमधलं स्तोत्र 23 वाचून दाखवायचो. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ म्हटलं, की पुढचं त्याच म्हणायच्या, हात माझ्या हातात घट्ट धरून. त्या दिवशी थकवा जाणवायचाच नाही.

जाण्याआधी तिला पोळ्या मात्र शिकवा. स्वयंपाक आपला आपणच करावा लागतो.